चित्रातील वृषभ : यूपापासून संविधानाच्या पानापर्यंत

पोळ्याच्या दिवशी महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत घरोघरी मातीचे बैल रंगविले जातात. अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना तांबडा रंग, पाठीवर कागदाची झूल. खेड्यातील कित्येक मुलांच्या हाती कुंचला प्रथम येतो तो या बैलासाठी. परंतु याच बैलाची दुसरी कथा कोणी रंगवीत नाही. गावगाड्यात जिवंत बैल ज्याच्या दावणीला असे, त्याच्याकडे त्या दिवशीचा मान असे. तोच बैल मेला म्हणजे त्याला गावाबाहेर ओढून नेण्याचे काम महाराच्या वाट्याला येई. पूजा एकाने करावयाची व प्रेत दुसऱ्याने वाहावयाचे, अशी ही वाटणी होती.

म्हणून चित्रकलेतील वृषभाचा इतिहास हा आपल्यासाठी केवळ कलेचा विषय नाही. मानवाने बैलाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे चित्रातून कळते. आणि बैलाकडे पाहण्याच्या दृष्टीत श्रमाकडे व श्रमिकाकडे पाहण्याची दृष्टीही दडलेली असते. या इतिहासात तीन दृष्टी ठळकपणे दिसतात. पहिली शिकाऱ्याची व सत्ताधाऱ्याची, जिला वृषभात बळ दिसते. दुसरी यज्ञकर्त्याची व पूजकाची, जिला त्यात बळी किंवा देवाचे वाहन दिसते. तिसऱ्या दृष्टीला तो कष्ट करणारा, दुःख जाणणारा व सन्मानास पात्र असा सहजीव दिसतो. ही तिसरी दृष्टी भारतीय परंपरेत स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय बुद्धधम्माकडे जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गुहा, भांडी आणि मुद्रा

वृषभाची अतिप्राचीन चित्रे गुहांमध्ये आढळतात. फ्रान्समधील लास्को येथील गुहा १९४० साली उजेडात आली. तेथील एका दालनाला बैलांचे दालन असेच नाव पडले आहे. सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीची ही चित्रे होत. त्यांतील सर्वांत मोठा बैल पाच मीटरांहून अधिक लांब आहे. हे बैल रानटी आहेत. त्यांच्या नाकात वेसण नाही व मानेवर जू नाही. भारतात भीमबेटका येथील शैलाश्रय विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७-५८ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आणले. तेथेही गवे, हरणे व शिकारी एकाच खडकावर रंगविलेले दिसतात. या चित्रांत भय आहे, आदर आहे आणि भूकही आहे.

शेती आली आणि बैल माणसाच्या अंगणात आला. बलुचिस्तानातील कुल्ली संस्कृतीच्या मृद्भांड्यांवर लांबट अंगाचे, वशिंडाचे, मोठ्या वाटोळ्या डोळ्यांचे बैल काळ्या रंगात रेखाटलेले आहेत. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो येथील मुद्रेवरील वृषभ तर जगद्विख्यात आहे. अवघ्या काही सेंटिमीटरांच्या दगडी तुकड्यावर कारागिराने त्याचे वशिंड, गळ्याखालची पोळी व झुकलेली मान अशी कोरली आहे की, त्याच्या वजनाचा अंदाज यावा. त्या मुद्रेवरील लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. त्यामुळे हा बैल कोणत्या कुळाचे चिन्ह होता की कोणत्या श्रद्धेचे, यावर ठाम विधान करणे योग्य होणार नाही. इतके मात्र निश्चित की, त्या नगरांचे जीवन बैलाच्या खांद्यावर उभे होते. तेथे सापडलेल्या मातीच्या खेळण्यांतील बैलगाड्या त्याची साक्ष देतात.

याच सुमारास व नंतरच्या शतकांत पश्चिमेकडेही वृषभ हे बळाचे प्रतीक झालेले दिसते. क्रीट बेटावरील नोसोस येथील राजवाड्याच्या भिंतीवर धावत्या बैलाच्या पाठीवरून कोलांटी घेणाऱ्या तरुणाचे रंगीत चित्र आहे. तेथे माणूस बैलाच्या बळाशी खेळतो. मिसर देशात तो त्याला देव मानून पुजतो. दोन्ही ठिकाणी वृषभ हा माणसाहून वेगळा, विराट असा आहे. त्याचे कष्ट हा चित्राचा विषय नाही.

यूपाशी बांधलेला बैल

भारतात वैदिक यज्ञसंस्थेने वृषभाला वेगळ्याच जागी उभे केले. ती जागा म्हणजे यूप, अर्थात बळीचा पशू बांधण्याचा खांब. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात याचे जे वर्णन आहे, ते एखाद्या चित्रकाराने रंगवावे असेच आहे. मगधातील खाणुमत या गावी कूटदन्त ब्राह्मणाने महायज्ञ मांडला होता. सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, तितक्याच शेळ्या व मेंढे यूपाजवळ आणून उभे केले होते. यज्ञ कसा करावा, हे विचारण्यास कूटदन्त तथागतांकडे आला.

तथागतांनी त्याला महाविजित राजाच्या यज्ञाची कथा सांगितली. त्या यज्ञात एकही गाय-बैल मारला गेला नाही, यूपासाठी झाड तोडले गेले नाही आणि काम करणाऱ्या नोकरांना दंडाचा धाक दाखविला गेला नाही. शेती करणाऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व राजसेवकास वेतन द्यावे, म्हणजे राज्यातील उपद्रव आपोआप शमतो, असा उपदेश त्या कथेत आहे. शेवटी कूटदन्ताने सर्व पशू सोडून दिले.

या सुत्तात बैलाची सुटका आणि नोकराची धाकातून सुटका या दोन गोष्टी एकत्र येतात, हे लक्षात घेतले पाहिजे. पशूवर दया व माणसावर दंडा, असा दुटप्पीपणा येथे नाही. सुत्तनिपातातील ब्राह्मणधम्मिक सुत्तातही गाईला आई, बाप, भाऊ व आप्त यांच्यासारखी म्हटले आहे. तिचे कारण दैवी नसून व्यावहारिक आहे : ती अन्न देते, बळ देते, सुख देते. कृतज्ञता ही तेथील भूमिका आहे. गाईला देवत्व देऊन माणसाला अस्पृश्य ठरविण्याची नाही.

रामपूर्वेचा वृषभ

मौर्यकालीन भिंतीचित्रे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. त्यामुळे त्या काळातील वृषभ पाहावयाचा तर दगडातच पाहावा लागतो. बिहारमधील पश्चिम चंपारण जिल्ह्यातील रामपूर्व येथे सम्राट अशोकाच्या काळातील दोन स्तंभ आहेत. एकाच्या शीर्षावर सिंह होता, दुसऱ्याच्या शीर्षावर वृषभ. हे वृषभशीर्ष १९०७-०८ च्या उत्खननात दयाराम साहनी यांच्या हाती लागले. आज ते राष्ट्रपती भवनाच्या दर्शनी भागात ठेवलेले आहे. सिंहाप्रमाणे हा बैल आयाळ फुलवून गर्जना करीत नाही. तो चारही पायांवर भार टाकून शांतपणे उभा आहे. वशिंडाचा उंचवटा, पोटाचा फुगार, पायांचे सांधे हे सारे ज्याने बैल जवळून पाहिला आहे, अशा माणसाच्या हातचे आहे.

या वृषभाच्या स्तंभावर लेख नाही. परंतु त्याच गावातील सिंहस्तंभावर अशोकाचे पहिले सहा स्तंभलेख कोरलेले आहेत, आणि त्यांतील पाचवा लेख प्राण्यांसंबंधी आहे. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतर काढलेल्या या आज्ञेत अनेक प्राण्यांना अवध्य ठरविले आहे. पक्षातील ठराविक तिथींना बैल, बोकड, मेंढे यांचे खच्चीकरण करू नये आणि तिष्य व पुनर्वसू या दिवशी घोड्यांना व बैलांना डाग देऊ नये, असेही त्यात सांगितले आहे. त्याच लेखाच्या शेवटी सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिवानांना मुक्त केल्याची नोंद आहे. म्हणजे एका स्तंभावर बैलाची प्रतिमा आणि शेजारच्या स्तंभावर बैलाच्या अंगावरील तापलेली सळई दूर करणारी राजाज्ञा, असा हा योग आहे. हा संपूर्ण निषेध नव्हता, काही दिवसांपुरताच होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु बैलाला होणारी वेदना हा राज्यकारभाराचा विषय आहे, असे मानणारी भूमिका त्या काळी सामान्य नव्हती.

सारनाथच्या सिंहशीर्षाखालील पट्टीवर हत्ती, वृषभ, घोडा व सिंह हे चार प्राणी आहेत व त्यांच्यामध्ये चक्रे आहेत. काही विद्वानांच्या मते वृषभ हा तथागतांच्या वैशाखातील जन्माचा, म्हणजे वृषभ राशीचा, सूचक होय. या मतावर एकवाक्यता नाही. परंतु पाली साहित्यात तथागतांना 'उसभ' व 'नरासभ', म्हणजे माणसांतील श्रेष्ठ वृषभ, अशी विशेषणे लावली आहेत, यात शंका नाही.

नांगराची रेघ आणि नंदिविशाल

बौद्ध कलेत वृषभ आणखी एका प्रसंगी येतो. शाक्यांच्या वप्पमंगल उत्सवात, म्हणजे नांगरणीच्या प्रसंगी, बालक सिद्धार्थ जांभळीच्या झाडाखाली ध्यानस्थ झाला. अश्वघोषाने बुद्धचरितात या प्रसंगाशी मिळताजुळता प्रसंग रंगविला आहे. नांगराने मेलेले किडे, उन्हाने रापलेले नांगरे आणि थकलेले बैल पाहून राजपुत्राचे मन करुणेने भरून आले, असे तो सांगतो. पेशावरच्या संग्रहालयात साहरी बहलोल येथून मिळालेली ध्यानस्थ सिद्धार्थाची गांधार शैलीतील मूर्ती आहे. तिच्या बैठकीवर नांगराला जुंपलेले बैल कोरलेले आहेत. वर ध्यान, खाली श्रम. ध्यानाचा आरंभच श्रमिकाच्या घामाकडे पाहून झाला, हे त्या शिल्पकाराने किती साधेपणाने सांगितले आहे !

याहूनही अर्थपूर्ण कथा नंदिविशाल जातकाची आहे. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाने एक वासरू प्रेमाने वाढविले. मोठा झाल्यावर त्या बैलाने धन्याचे ऋण फेडावे म्हणून सुचविले की, माझा बैल भरलेल्या शंभर गाड्या ओढील, अशी एक हजाराची पैज लाव. ब्राह्मणाने पैज लावली, गाड्या जोडल्या आणि ऐन वेळी आसूड उगारून 'ओढ रे लबाडा' असे तो ओरडला. बैल खांबासारखा जागच्या जागी उभा राहिला. पैज गेली. घरी हताश पडलेल्या धन्याला बैलाने विचारले, 'मी तुझ्या घरी कधी एखादे मडके तरी फोडले काय ? मग मला लबाड का म्हणालास ? आता दोन हजारांची पैज लाव. मात्र मला तसे बोलू नकोस.' दुसऱ्या वेळी धन्याने गोड शब्दांत हाक दिली आणि बैलाने शंभर गाड्या ओढून नेल्या.

ही कथा मुलांना गोड बोलण्याचा धडा म्हणून सांगितली जाते. परंतु ती कोठे येते, हे पाहिले पाहिजे. विनयपिटकातील पाचित्तिय विभागात अपमानकारक वाणीसंबंधी नियम आहे. षड्वर्गीय भिक्षू इतर भिक्षूंना त्यांची जात, नाव, गोत्र, काम व धंदा यांवरून हिणवीत. त्या प्रसंगी तथागतांनी नंदिविशालाची कथा सांगितली व अशी वाणी अपराध ठरविली. नियमाच्या विवरणात चांडाल, पुक्कुस, वेण, निषाद, रथकार या हीन समजल्या जाणाऱ्या जातींची नावेही दिली आहेत. म्हणजे जातीवरून अपमान करणे संघात गुन्हा आहे, हे ठसविण्यासाठी जो साक्षीदार उभा केला, तो एक बैल आहे. मारापेक्षा शिवी अधिक बोचते आणि स्वाभिमान दुखावलेला श्रमिक हलत नाही, हे त्याने सांगितले. वृषभाला इतकी मोठी जागा अन्य कोणी दिली असेल, असे वाटत नाही.

अजिंठ्याच्या भिंतीवर

आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्याकडे वळू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेणे क्रमांक १ मध्ये बोधिसत्त्व पद्मपाणीचे जगप्रसिद्ध चित्र आहे. याच लेण्यात दोन झुंजणाऱ्या बैलांचे चित्र आहे. पद्मपाणीसमोर थांबणाऱ्या प्रेक्षकांचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. चिखलाच्या लेपावर चुन्याचा पातळ थर, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी यांचे रंग, एवढ्या साध्या साहित्यात चित्रकाराने डोकी भिडविलेल्या दोन जनावरांचे बळ पकडले आहे. या बैलांच्या पाठीवर कोणी देव बसलेला नाही, त्यांना कोणी पुजत नाही व मारतही नाही. ते बैल म्हणूनच तेथे आहेत.

लेणे क्रमांक १७ मध्ये महिष जातक रंगविलेले आहे. महिष म्हणजे रेडा, वृषभ नव्हे. परंतु दोघांच्या मानेवर एकच जू असते. एक खोडकर माकड बोधिसत्त्व महिषाला छळते व तो ते सहन करतो. पुढे तेच माकड दुसऱ्या रेड्याच्या पाठीवर बसते व प्राणास मुकते. सहन करणे हाच दलितांचा धर्म, असा अर्थ कोणी या चित्रातून काढू नये. खंती, म्हणजे क्षमाशीलता, ही समर्थाची असते. महिषाच्या शिंगांत बळ असूनही तो ते वापरीत नाही, म्हणून ती क्षमा होय. नंदिविशाल व महिष ही दोन चित्रे एकत्र पाहिली म्हणजे धम्माची पूर्ण शिकवण हाती येते : बळाला संयम हवा आणि श्रमाला सन्मान हवा.

दहा चित्रांचा बैल

धम्म पूर्वेकडे गेला तेव्हा बैलही त्याच्याबरोबर गेला. मज्झिमनिकायातील महागोपालक सुत्तात कुशल गुराख्याच्या अकरा गुणांवरून भिक्षूचे अकरा गुण सांगितले आहेत. चीनमध्ये ध्यानसंप्रदायातील आचार्यांनी या गुराख्याला चित्रात आणले. बाराव्या शतकातील कुओआन या आचार्यांची दहा चित्रांची मालिका विशेष प्रसिद्ध आहे. जपानमध्ये क्योतो येथील शोकोकुजी विहारातील अशी मालिका पंधराव्या शतकातील चित्रकार शुबुन याच्या नावावर सांगितली जाते.

या चित्रांत बैल म्हणजे आपले चित्त. गुराखी त्याला शोधतो, त्याच्या खुरांचे ठसे पाहतो, त्याला धरतो, कासरा लावून वळविण्यास शिकवितो व त्याच्या पाठीवर बसून बासरी वाजवीत घरी येतो. मग बैल दिसेनासा होतो, पुढे गुराखीही दिसेनासा होतो आणि चौकटीत केवळ एक रिकामे वर्तुळ उरते. परंतु मालिका तेथे संपत नाही. दहाव्या चित्रात तो साधक पुन्हा बाजारात, लोकांमध्ये, मदतीचा हात घेऊन आलेला दिसतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी भिक्षू हा केवळ परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक, असा प्रश्न उपस्थित केला आहे. या दहाव्या चित्राने त्याचे उत्तर आठ शतकांपूर्वीच दिले होते, असे म्हणता येईल.

पाय बांधलेला बैल

आधुनिक काळात वृषभ पुन्हा वेदनेचे प्रतीक झाला. १९३७ साली स्पेनमधील गेर्निका या गावावर बॉम्बवर्षाव झाला. त्यावर पाब्लो पिकासो याने काढलेल्या भव्य चित्रात मृत मूल घेतलेल्या आईजवळ एक बैल उभा आहे. तो क्रौर्याचे प्रतीक की स्पेनच्या जनतेचे, याविषयी आजही वाद आहे.

आपल्याकडे तैयब मेहता (१९२५-२००९) यांनी पाय बांधून पाडलेला बैल हा विषय आयुष्यभर हाताळला. या विषयावरील त्यांचे प्रसिद्ध चित्र १९५६ सालचे आहे. १९७० साली त्यांनी 'कूडल' हा लघुपट केला. त्यासाठी बांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रीकरण केले होते. फाळणीच्या वेळी मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एका माणसाला जमावाकडून मारले जाताना पाहिले होते. प्रचंड बळ असूनही चारही पाय बांधले गेल्यामुळे असहाय झालेला जीव, हे त्यांच्या चित्राचे सार होय. एप्रिल २०२५ मध्ये ते १९५६ चे चित्र मुंबईतील लिलावात सुमारे ६१.८ कोटी रुपयांस विकले गेले.

रंगविलेल्या बैलाची ही किंमत ऐकताना खऱ्या बैलाच्या प्रेताची आठवण होणे अपरिहार्य आहे. ते ओढणाऱ्यास काय मिळत असे ? सडके मांस आणि विटाळ. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण, ब्राह्मणी यज्ञ, बुद्धधम्माचा विरोध व अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखविला. तरीही जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील ऊना येथे मृत गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. त्या पीडित कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बुद्धधम्माचा स्वीकार केला. पाय बांधलेला बैल केवळ कत्तलखान्यात नव्हता. तो गावगाड्याच्या चौकटीत पिढ्यान्पिढ्या पडलेला होता.

संविधानाचे पान

भारतीय संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली व तिची पाने शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सजविली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी तीवर सह्या केल्या. या प्रतीत पाचव्या भागाच्या आरंभी तथागतांच्या जीवनातील प्रसंग आहे आणि सातव्या भागाच्या आरंभी अशोकाने केलेल्या धम्मप्रसाराचे चित्र आहे. परंतु पहिल्या भागाच्या आरंभी, जेथे भारत हा राज्यांचा संघ असल्याचे कलम येते तेथे, मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वृषभ उभा आहे. शिवाय २६ जानेवारी १९५० पासून स्वीकारलेल्या राजमुद्रेवर धम्मचक्राच्या एका बाजूस घोडा व दुसऱ्या बाजूस सारनाथचा वृषभ आहे.

ज्या समाजाच्या पूर्वजांना मेलेला बैल ओढावा लागला, त्या समाजात जन्मलेला महामानव मसुदा समितीचा अध्यक्ष होता आणि त्या संविधानाच्या पहिल्याच भागावर जिवंत, ताठ उभा असलेला बैल आहे. चित्रकाराने हा योग हेतुपुरस्सर साधला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चित्राचा अर्थ पाहणाराही घडवीत असतो. यूपापासून सुटलेला, अशोकाच्या आज्ञेने डागापासून वाचलेला, शिवीसमोर अडून राहिलेला व सन्मानाच्या एका शब्दावर शंभर गाड्या ओढणारा हा वृषभ आपल्याच परंपरेचा आहे.

पुढच्या पोळ्याला घरातील मूल मातीचा बैल रंगवावयास बसेल, तेव्हा त्याला नंदिविशालाची गोष्ट सांगावी आणि ती विनयपिटकात कोणत्या नियमाशेजारी आली आहे, हेही सांगावे. बैलाची पूजा करण्यास शिकविण्यापेक्षा कोणालाही हिणवू नये आणि कोणाकडूनही हिणवून घेऊ नये, हे शिकविणे अधिक मोलाचे आहे.